कापलेलं कडवं

“पलटव! शफीभाई, अरे तबकडी पलटव! ऱ्हायलेलं मागच्या अंगाला असंल!”

माझा बा ओरडत होता, आणि माझा बा ओरडला की नुसत्या वस्तीला नाही, सेनगावच्या एसटी स्टँडावर कळायचं. तिथला कंट्रोलर दचकून शिट्टी मारायचा आणि तिकडं येलदरीच्या धरणावरचे बगळे उडायचे. मी वाढवून सांगते असं माझी भावंडं म्हणतात. त्यांनी तो आवाज लांबून ऐकला. मी त्याच्या खांद्याशी उभं राहून झील धरली, म्हणजे त्याच्या मागून ओळ उचलली. एका कानानं मला कमी ऐकू येतं ते काही वयामुळं नाही. तर असा तो शाहीर मारोती, पांढरं धोतर, निळा फेटा, दोन्ही हात वर करून लाऊडस्पीकरवाल्या शफीभाईवर धावून चाललेला. समोर अख्खी वस्ती बसलेली, कडेला गव्हाच्या खिरीची कढई, कडुलिंबाला बांधलेले दोन भोंगे, आणि टेबलावर गरगर फिरत राहिलेली काळी तबकडी. तिच्यातलं गाणं नुकतंच संपलं होतं. जिथं संपायला नको तिथं संपलं होतं.

शफीभाईनं तबकडी पलटवली, सुई ठेवली. खर्रर्र झालं आणि मागच्या अंगानं कोण्या भलत्याच गायन पार्टीचं हळदीचं गाणं सुरू झालं. लेकरांना काय, ती उठून नाचायला लागली. माझी माय, धुरपताबाई, कढईपाशी उभी होती. अंगावर नवं हिरवं लुगडं, हातात उलथणं. खीर बुडाला लागत होती, वास सुटला होता, पण तिचा हात हलत नव्हता.

ते कडवं कोणतं, आणि ते तबकडीत नसल्यानं तिचं काय गेलं, हे सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल. घर म्हणजे पत्र्याखालची एक खोली. त्या खोलीत आम्ही सहा जणं, एक शेळी आणि एक बाजाची पेटी राहत होतो, आणि सगळ्यांत ऐसपैस जागा पेटीला होती. थंडीत आमच्या अंगावर एक वाकळ आणि पेटीवर दोन. रंगनाथकाका, म्हणजे बाचा धाकटा भाऊ, तो ढोलकीला उशाशी घेऊन निजायचा. काकू माहेरी का निघून गेली याची खरी गोष्ट मला माहीत आहे, पण ती ढोलकीवर ढकलायची आमच्यात पद्धत आहे. सकाळी जात्याची घरघर, त्यावर मायचं गुणगुणणं, बाहेर काकाची थाप, आणि चुलीवर अंबाडीची भाजी रटरटतेय. आंबट वाफ नाकात गेली की मला आजही झील धरावीशी वाटते. ठेचा तर माय असा करायची की पाहुणा एक घास खाऊन थेट हिंगोलीच्या स्टेशनापर्यंत पळत जायचा आणि इंजिनाच्या नळाला तोंड लावायचा.

गाणी माय करायची. गायचा बा. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मायला अक्षर येत नव्हतं. ती कापूस वेचताना गाणं करायची. सऱ्या धरून बायका पुढं सरकत, हात बोंडावर, आणि माय एक ओळ टाकायची. ती ओळ सरीसरीनं बायकांच्या तोंडून फिरून यायची. जी बायकांना म्हणता येईना, ती ओळ माय तिथंच फेकून द्यायची, किडक्या बोंडासारखी. सरीच्या टोकाला पोचेपर्यंत एक कडवं पक्कं झालेलं असायचं. दिवेलागणीला घरी येऊन भाकरी थापता थापता ते ती बाला सांगायची, बा पेटीवर चाल धरायचा, आणि शेवटी आपली छाप जोडायचा.

छाप म्हणजे काय ते आजच्या लेकरांना सांगावं लागतं. आमच्यात गाण्याला बाहेरून नाव द्यायची रीतच नव्हती. ज्यानं गाणं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असायचं. ‘शाहीर मारोती सांगे’, असं. कुणी मधेच विचारलं, हे कुणाचं गाणं, तर त्याला म्हणायचं, थांब, शेवटपर्यंत ऐक. नाव ऐकायला गाणं पुरं ऐकावं लागायचं. अख्ख्या मुलखात पार्ट्यांचा हाच कायदा होता, आणि चांगला कायदा होता. फक्त आमच्या घरात शेवटच्या कडव्यात माय कधी नव्हती.

मग तिनं गाडीचं गाणं केलं. आमच्या फाट्यावर एसटी नवी नवी यायला लागली होती. त्यावर ते:

‘गाडी आली, गाडी आली, लाल धुरळा उडवीत आली,
माझ्या माहेराची पायवाट चाकाखाली पुसून गेली.’

बा ऐकून उठून उभाच राहिला. म्हणाला, “धुरपते, ह्ये गाणं औरंगाबादपोतर जाईल.”

“जाऊ द्या की,” माय भाकरी उलटत म्हणाली, “पर माझ्या नावानं जाईल.”

“म्हंजी?”

“म्हंजी छाप माझी. गाणी माझी, नाव तुमचं. लेकरं माझी, नाव तुमचं. एक तरी माझ्या नावानं जाऊ द्या. न्हाई तर मी हे इसरले म्हणून समजा.”

बा दोन दिवस बोलला नाही. ज्या माणसाला खोकल्याशिवाय पाणी पिता यायचं नाही तो दोन दिवस गप्प, शेळीसुद्धा घाबरली. तिसऱ्या दिवशी पेटी ओढली आणि स्वतःच्या तोंडानं ते कडवं म्हणाला. मी साक्षीला होते:

‘सांगे धुरपता कापूस वेचून, ऐका तिचं हे बोलणं,
पुढच्या शिटावर बसलंय कोण, मागं कुणाचं डोलणं.’

जयंतीच्या कार्यक्रमात ते गाणं सेनगावला झालं तेव्हा लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शफीभाईचा स्पीकर तिथं होता. हिंगोलीत त्याचं रेडिओ आणि तबकड्यांचं दुकान. लग्न असो, मयत असो, जयंती असो, उरूस असो, भोंगा शफीभाईचा. त्याच्याकडं तबकड्या घेऊन येणारा एक मुंबईचा कंपनीवाला साहेब त्या दिवशी योगायोगानं सोबत आला होता. शफीभाई त्याला म्हणाला, “साब, इसकू बंबई लेके जाव, मशीन फट जायेगी.” आणि साहेबानं खरंच बोलावलं.

आम्ही गेलो तिघं. बा, काका आणि झीलेला मी. माय राहिली. धाकटी दोघं, शेळी आणि वेचणीचे दिवस, तिला कोण सोडणार? निघताना तिनं बाला एवढंच सांगितलं, “शेवटचं कडवं गिळू नका.” हिंगोलीहून गाडी, पूर्णेला बदलायची, पुढं किती डब्यांत चढलो उतरलो ते मोजायला मी शुद्धीत नव्हते. मुंबईचं मी काही सांगत नाही, सगळेच सांगतात. मी फक्त ती खोली सांगते. भिंतींना गाद्या लावलेल्या. आम्हाला आयुष्यात निजायला नव्हत्या तेवढ्या गाद्या त्यांनी भिंतींना दिल्या होत्या. आत असा गारठा की ढोलकीच्या कातड्याला हुडहुडी भरली आणि काका तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसला.

आणि तिथं बसलेले ते बाजावाले! एकाच्या विजारीची मोहरी एवढी रुंद की तिच्यात आमची शेळी पिलांसकट मावली असती. एकाकडं तारांचं विजेवर चालणारं वाजंत्र, तो तार छेडायचा आणि माझ्या दाढा हलायच्या. एकटाच माणूस पाच ढोल आणि तीन झांजा घेऊन बसलेला, हातांनी बडवतोय तो बडवतोय, पायानंही बडवतोय. आणि कोपऱ्यात एक काळासावळा म्हातारा, त्याच्या गळ्यात हुक्क्यासारखा वाकडा पितळी बाजा. त्यानं तो तोंडाला लावला आणि मायच्या चालीची पहिली ओळ अशी काही वाजवली की मला रडू आलं. खोटं नाही सांगत. म्हशीचं रेडकू हरवल्यावर ती जशी संध्याकाळी हंबरते, तसा तो आवाज होता. साहेब म्हणाला, हल्ली असाच बाजा चालतो, इंग्रजी ठेक्यावर घेऊ. बाला काय, बाचा आवाज कोणत्याही ठेक्यावर स्वार व्हायचा. आम्ही पुरं गाणं गायलो. मध्ये त्या म्हाताऱ्यानं मनसोक्त बाजा वाजवला, आणि शेवटी बानं धुरपताचं नाव असं घेतलं, असं घेतलं, की काचेपलीकडचा माणूस खुर्चीवरून उठला.

गाणं झाल्यावर साहेबानं विचारलं, “गीत कोणाचं? लेबलवर काय टाकायचं?”

बा हसला. गाणं झाल्यावर तो राजा असायचा. म्हणाला, “नाव गाण्यातच हाय साहेब. शेवटपोतर ऐका.”

साहेबानं मान हलवली. बराबर, म्हणाला. आम्हाला चहा पाजला, गाडीत बसवलं. बाला वाटलं त्यानं उत्तर दिलं. आता म्हातारपणी मी या एका वाक्यावर किती रात्री काढल्या असतील. शहाणा माणूस होता माझा बा, चार गावचे तंटे मिटवायचा. पण गाण्याचं नाव गाण्याबाहेर वेगळं सांगावं लागतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आमच्यात तसं करणं म्हणजे गाण्याचा अपमान होता.

इकडं मायनं मुलखाला सांगून ठेवलं. वेचणीच्या बायका, पाण्याच्या बायका, फाट्यावरचा पंक्चरवाला, कुणाला सोडलं नाही. “तबकडी येऊन राहिली. शेवटच्या कडव्याला कान द्या.” ज्यांच्या शेतात ती वेचायला जायची त्या पाटलीणबाई बांधावर उभ्या राहून हसल्या. म्हणाल्या, “धुरपते, तुझं नाव सातबाऱ्यावर न्हाई, राशनवर नवऱ्याच्या खाली हाय, आन् तबकडीवर काहून येईल गं?” बायका हसल्या. त्यांना हसावंच लागायचं, मजुरी तिथं होती. माय पण हसली. घरी आल्यावर मात्र बाला म्हणाली, “शफीभाईला सांगा, एक भोंगा वस्तीकडं आन् एक गावाकडं. पाटलाच्या माडीकडं सरळ तोंड करून.”

तबकडी आली त्या दिवशी आम्ही तिला लेकराच्या बारशासारखं सजवलं. विहारापुढं टेबल, त्यावर पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या. सगळ्यांनी उभं राहून त्रिसरण घेतलं. रंगनाथकाका म्हणाला, तबकडीला पण पंचशील द्या, पुढं कुठं कुठं वाजावं लागेल बिचारीला. मग शफीभाईनं हात धुतले, हो, हात धुतले, आणि सुई ठेवली. वाकडा बाजा हंबरला. बाचा आवाज दोन भोंग्यांतून सुटला आणि मी सांगते, पाटलाच्या माडीची कौलं हलली. लोक ताठ बसले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, बाजा, तिसरं कडवं. मायनं उलथणं वर धरलं, जणू आता ती सगळ्यांना सांगणार होती, ऐका. आणि बाजा हळू हळू लहान होत गेला, लांब जाणाऱ्या गाडीसारखा, आणि गेलाच. सुई खरखरत राहिली. तिथं बा ओरडला.

हळदीचं गाणं शफीभाईनं मध्येच उचललं. त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, “शाहीर, छोटी तबकडी है. तीन-साडेतीन मिन्ट से ज्यादा नै बैठता इसमें. काट दिये होंगे.”

“मंग बाजा काटायचा!” बा म्हणाला. “त्या म्हाताऱ्याचा बाजा येवढा ठिवला, आन् मानसाचं नाव काटलं?”

“बाजे के वास्ते तो लोगां लेते, शाहीर.”

तेवढ्यात मायनं उलथणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि टेबलापाशी आली. तबकडीवरच्या गोल कागदावर बोट ठेवून मला म्हणाली, “शांते, वाच. यावर काय हाय?”

मी वाचलं. “शाहीर मारोती आणि पार्टी.”

“आन् खाली?”

“गीत, पारंपरिक.”

“ह्ये कोण?”

मी सातवी पास होते. वस्तीतली शिकलेली पोरगी होते. त्या दिवशी मला शिकल्याचा पहिल्यांदा राग आला. मी म्हणाले, “माय, म्हंजी लई जुनं. कुणी केलं ते कुणाला ठाऊक न्हाई, करणारं मरून गेलं, असं.”

माय बाच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. “मी तर जित्ती हाय,” ती म्हणाली.

बानं त्या दिवशी आपल्या हातानं आपल्या तोंडात मारून घेतली, सगळ्यांसमोर. साहेबाला पत्रं गेली, शफीभाई दोनदा बोलला, साहेबाचं एकच उत्तर आलं, पुढच्या वेळेस बघू. पुढची वेळ आली नाही. खीर करपली होती तरी लोकांनी खाल्ली, गोड म्हणाले. पाटलीणबाईंनी दुसऱ्या दिवशी बांधावरून विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

इथं थोडं थांबते, कारण मला माझ्या पोराची आठवण येते. नव्वद सालाच्या सुमारास तो औरंगाबादला शिकायला होता आणि पैसे मिळाले की खानावळीला न देता परदेशी जाझच्या, रॉकच्या कॅसेटी आणायचा. कुणाचा नवा अल्बम आला की घरी सण. मला म्हणायचा, आई, हा ऐक, हा आत्ताच निघालाय. मी ऐकायची, त्यात तोच वाकडा बाजा असायचा, पण मी ऐकण्यापेक्षा आतला घडीचा कागद बघायची. त्याच्यात बारीक बारीक अक्षरांत नावं. ढोल कुणी वाजवला, गीत कुणाचं, फोटो कुणी काढला, कुठल्या खोलीत गायले. एका अल्बमात तर एका कुत्र्याचे आभार मानले होते, नावानिशी. पोरानं मला वाचून दाखवलं आणि हसला. मी तो कागद चष्मा लावून पुन्हा वाचायला लावला. मला खात्री करायची होती की कुत्रंच आहे.

तर तबकडी चालली. मी वाढवून सांगत नाही, यात वाढवायला जागाच नाही. हॉटेलात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात, उसाच्या गाड्यावर, जिकडं तिकडं गाडी आली, गाडी आली. बाला बोलावणी येऊ लागली. पार्टीला निळे सदरे शिवले. घरात पेटीला तिसरी वाकळ आली. आणि बा प्रत्येक कार्यक्रमात पुरं गाणं म्हणायचा, शेवटच्या कडव्यासकट, आवाज मुद्दाम वर काढून. हे त्याचं मी कधी विसरणार नाही.

मग नांदेड रस्त्याला एका मोठ्या गावी कार्यक्रम होता. माय त्या वेळी पहिल्यांदा पार्टीसोबत आली होती. बानंच आग्रह केला होता, चल, तुझं नाव लोकांच्या तोंडावर ऐक. ती बायकांत मागं बसली. बानं गाडीचं गाणं सुरू केलं. लोक वेडे झाले, वाकड्या बाज्याची जागा तर पोरांनी तोंडानं वाजवली. तिसरं कडवं झालं, टाळ्या झाल्या, आणि बानं ‘सांगे धुरपता’ उचललं तसा पुढून एक जण उभा राहिला.

“ओ शाहीर! हे काहून जोडून राहिले? रेकॉर्डमंदी हे न्हाई!”

“ह्येच खरं कडवं हाय,” बा म्हणाला.

“मंग रेकॉर्डमंदी काहून न्हाई? बायकूचं नाव घुसडून राहिला व्हय?”

हशा पिकला. मागून कुणी ओरडलं, रेकॉर्डसारखं म्हणा, तसंच म्हणा. बा पेटीवर हात ठेवून उभा होता. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला ओरडून गप्प केलं तो ओरडला नाही. त्यानं काकाकडं पाहिलं, मायकडं पाहिलं नाही. आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि तिसऱ्या कडव्यावर सोडलं. मी झील धरली. लोकांनी फेटे उडवले. त्यानंतर ते कडवं बानं पुन्हा कधी म्हटलं नाही. कंपनीनं एकदा कापलं होतं. त्याचा मला तेवढा राग नाही.

सकाळी परतताना वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरलो. बा आणि काका पेटी-ढोलकी घेऊन हिंगोलीच्या गाडीची चौकशी करायला गेले. माय आणि मी रस्त्याकडच्या हॉटेलाबाहेर उभ्या राहिलो. आमच्यासाठीचे कप तिथं वेगळे, खांबाच्या खिळ्याला. आम्ही आपापला काढला, हॉटेलवाल्यानं वरून चहा ओतला. आत तबकडी चालू होती. तीच. दोन ड्रायव्हर भजी खाता खाता मान हलवत होते. मायनं कप तोंडाला लावला नाही. तिनं गाणं ऐकलं, तिसरं कडवं संपेपर्यंत, बाजा लहान होत जाईपर्यंत. मग ती पुढं झाली आणि गल्ल्यावरच्या माणसाला, ड्रायव्हरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे गाणं मी केलेलं हाय. माझं हाय हे. धुरपता म्हणतात मला.”

त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

“असंल,” तो म्हणाला. “कप इसळून ठिवा.”